खारासरची वही

हरखीचा फोन आला तेव्हा गोजराक्का अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, सोलत बसल्या होत्या. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल बोटांत आणि डाळ ताटात. डिसेंबर लागला की बेंगळूरच्या बनशंकरीतल्या घराघरांत हेच चालतं. त्यांनी ओल्या हातानेच फोन स्पीकरवर टाकला.

"बोल गं हरखे. थंडी पडली का तिकडे?"

तिकडे म्हणजे खारासरला. मारवाडाच्या वाळवंटात, सरहद्दीकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेलाइनवरचं ते एवढंसं गाव. गोजराक्का तिथे एकवीस वर्षं राहिल्या होत्या. हरखी त्यांची तिथली विद्यार्थिनी, आता पन्नाशीची, गावातली अंगणवाडी चालवणारी. एरवी ती फोनवर आधी पाच मिनिटं सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची. आज तिने तिच्या मारवाडी हिंदीत एकदम विचारलं, "बहेनजी, तुम्ही आमच्याबद्दल असं कसं लिहून दिलंत?"

"काय लिहून दिलं?"

"पंचायतीच्या दारावर कागद लावलेत. रेल्वेची जुनी जमीन सोलरवाल्यांना द्यायची आहे, त्याचा अहवाल. पहिल्याच पानावर तुमचं नाव आहे. इथल्या शाळेच्या बाई स्वतः सांगतात, की या गावात काही नाही, फक्त वाळू आहे. म्हणून इथं कायमची वस्ती कधी नव्हतीच, असं लिहिलंय. आम्ही एकसष्ट घरं आहोत बहेनजी. आम्हाला उठायला सांगतायत."

गोजराक्कांच्या हातातला दाणा तसाच राहिला.

"मी असं म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग कोण म्हणालं?"

कोण म्हणालं ते गोजराक्कांना त्याच क्षणी आठवलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्य हरखीचंच होतं. नऊ वर्षांच्या हरखीचं.

गोजराक्कांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं, असं त्यांच्याकडे सांगत. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की पुण्याच्या माणसाला निम्मं कळायचं नाही. लग्न झालं ते रघुजींशी. त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली ती थेट मारवाडात, खारासरच्या पंपहाउसवर. शहात्तर साली बावीस वर्षांची गोजरा चार दिवसांचा प्रवास करून त्या फलाटावर उतरली, चहूकडे बघितलं आणि ट्रंकेवर बसून रडली. पण लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या होत्या. रेल्वेच्या तिथल्या प्राथमिक शाळेला मास्तर टिकत नव्हता. वर्षभरात ती त्या शाळेची बहेनजी झाली.

पुस्तकात गंगा होती, हिमालय होता, चहाचे मळे होते. मुलांनी यातलं काही बघितलेलं नव्हतं. एके दिवशी वैतागून तिने सांगितलं, "पुस्तकं मिटा. पाटीवर लिहा, तुमच्या गावात काय काय आहे?" चौदा मुलांपैकी चौदांनी एकच लिहिलं. सगळ्यांत सुवाच्य अक्षर हरखीचं होतं, 'आमच्या गावात काही नाही. फक्त वाळू आहे.'

ते वाक्य बहेनजींनी एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर हरखीकडूनच लिहून घेतलं. म्हणाल्या, "आता हे खोटं ठरवू या."

त्याला सहा वर्षं लागली. मुलं घरोघर गेली, म्हाताऱ्यांना विचारून आली. रूळ एकोणीसशे एकमध्ये पडले. वाफेच्या इंजिनाला दर साठ-सत्तर मैलांवर पाणी लागायचं, म्हणून इथं विहीर खणली. तीनशे फुटांवर पाणी लागलं ते खारट, त्यावरून गावाचं नाव. त्या पाण्याने बॉयलर खराब व्हायचे, म्हणून मग पूर्वेकडून गोड्या पाण्याची टाकीगाडी यायला लागली, दर बुधवारी आणि शनिवारी. गावाचं सगळं त्या दोन दिवसांना बांधलेलं. डोक्यावरून न्हायचं बुधवारी, लग्नं लावायची ती शनिवारी. पश्चिमेला एक टिब्बा होता, वाळूची टेकडी. दरवर्षी तो बारा-पंधरा हात रुळांकडे सरकायचा, आणि गँगमन लोक खींप आणि फोगाच्या झुडपांचे बांध घालून त्याला थोपवायचे. मुलांनी तीन वर्षं काठ्या रोवून त्याची चाल मोजली. उत्तरेचं खाऱ्या मातीचं सपाट मैदान, दक्षिणेची चराई, कोणाच्या आजोबांनी कोणतं झाड लावलं, स्मशान कुठे, कबरस्तान कुठे, सगळं वहीत आलं. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात वादळाने रूळ वाळूखाली गेले आणि एक पॅसेंजर दोन दिवस गावाबाहेर अडकली. त्या वेळी कोणत्या घराने प्रवाशांना किती घागरी पाणी दिलं, तेही मुलांनी नावानिशी लिहिलं होतं. शेवटी घडी घातलेला मोठा नकाशा. रघुजींनी पोती शिवायच्या दाभणाने वही स्वतः शिवली. नकाशा धरून अठ्ठेचाळीस पानं.

सत्त्याण्णव साली ब्रॉडगेज झालं. नवी लाइन सात किलोमीटर दक्षिणेने गेली, स्टेशनाला कुलूप लागलं. रघुजी-गोजराक्का बेंगळूरला परतले. गँगमनांची, भिश्त्यांची घरं तिथेच राहिली, कारण त्यांना दुसरं गावच नव्हतं. येताना मुलांनी वही बहेनजींच्या हातात दिली होती.

आणि गेल्या ऑगस्टमध्ये ती वही गोजराक्कांनी स्वतःच्या हाताने सिद्धीला दिली.

सिद्धी पुण्याची, सव्वीस वर्षांची, मारतहळ्ळीतल्या एका सल्लागार कंपनीत कामाला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाली. खारासर हा शब्द ऐकला मात्र, पोरगी घरीच आली. "काकू, आम्ही त्या एरियाचा सोशल स्टडी करतोय. इतकं ऑथेंटिक मटेरियल कुठेच नाहीये!" तिने दोन कप कॉफी घेतली, चार वेळा डोळे भरून आणले आणि वही स्कॅन करून आठवड्यात परत आणते म्हणाली. डिसेंबर आला तरी वही आली नव्हती. गोजराक्कांनी तीनदा फोन केला होता. दर वेळी "नेक्स्ट वीक नक्की, काकू."

रघुजी आतून आले. त्यांनी स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. "गोजरा, आपण म्हातारी माणसं. मोठ्या कंपन्यांची कामं ती. हरखीला सांग, तिथल्या कलेक्टरला भेटा म्हणावं."

"माझं नाव घालून त्यांनी पोरीचं घर मोडायला काढलंय, आणि मी हरखीला सांगू कलेक्टरला भेट?"

"राग स्वल्प आवर. बीपी वाढेल."

"वाढू दे!" गोजराक्कांनी ताट असं सरकवलं की निम्मी डाळ फरशीवर सांडली. "एकवीस वर्षं त्यांच्या वाटणीचं पाणी प्यायलो आपण. तुम्ही विसरलात?"

रघुजी खाली वाकून डाळ गोळा करायला लागले. ते विसरले नव्हते. पण आयुष्यभर वरच्याला 'जी साब' म्हणत नोकरी केलेला माणूस तो. त्यांना भांडणाची भीती वाटायची, आणि त्यांच्या त्या भीतीचा गोजराक्कांना आणखी राग यायचा.

पंचायतीच्या दारावरच्या कागदाप्रमाणे हरकती द्यायला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराक्का एकट्याच बसमध्ये बसल्या. सिल्क बोर्डाच्या चौकात पाऊण तास बस जागची हलली नाही. शेजारच्या बाईने कानडीत विचारलं, "एल्ली होगबेकु, अक्का?" कुठे जायचंय. "भांडायला," गोजराक्का म्हणाल्या, आणि ती बाई हसता हसता थांबली.

काचेच्या इमारतीत खाली गार्डने अडवलं. अपॉइंटमेंट? नाही. मग बसा. गोजराक्का बसल्या नाहीत. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी कानडीत, मग हिंदीत, चढ्या आवाजात सांगितलं, की माझी चोरलेली वही या इमारतीत आहे आणि ती घेतल्याशिवाय मी हलणार नाही. चोरी हा शब्द ऐकून दोघं-तिघं वळून बघायला लागले. पाचव्या मिनिटाला सिद्धी धावत खाली आली.

"काकू, प्लीज, इथे नको. वर चला ना."

वर काचेच्या खोलीत सिद्धीचा साहेब बसला होता. अजित, नागपूरकडचा, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मॅडम, आधी तर थँक यू. तुमच्या वहीमुळे आमच्या रिपोर्टला एक ह्यूमन टच आला."

"पहिलं पान घेतलंत. उरलेली सत्तेचाळीस कुठे गेली?"

"फॉरमॅट असतो मॅडम. लोकल व्हॉइस या सेक्शनला अर्धं पान मिळतं. एक कोट घ्यावा लागतो. आम्ही शब्दही बदललेला नाही. वहीत तसंच आहे ना?"

"आहे. आणि पुढची पानं ते खोटं ठरवायला लिहिलीत. वाचलीत का?"

अजितने सिद्धीकडे पाहिलं. सिद्धी टेबलाकडे बघत होती.

"तू वाचलीस?" गोजराक्कांनी तिला विचारलं.

"हो काकू."

"सगळी?"

"सगळी. मी सोळा पानांची समरी दिली होती. ती... एडिट झाली."

"क्लायंटला क्लॅरिटी हवी असते," अजित म्हणाला. "आणि हे बघा, रेल्वेची जमीन आहे. रेकॉर्डवर तिथे गाव नाहीच. जनसुनावणीही झाली, एकही ऑब्जेक्शन आलं नाही."

"कुठे घेतलीत सुनावणी?"

"तहसीलला."

"तहसील खारासरपासून अठ्ठावन्न किलोमीटर आहे. बस दिवसातून एक. तीही परत येत नाही त्याच दिवशी. हेही वहीत आहे, भूगोलाच्या तिसऱ्या पानावर." त्यांचा आवाज आता थरथरत होता, आणि त्याचा त्यांना संताप येत होता, कारण समोरच्याला ते म्हातारपण वाटणार हे त्यांना कळत होतं. "माझी वही द्या."

सिद्धी बाहेर गेली. परत आली ती पिवळा लिफाफा घेऊन. गोजराक्कांनी तो उघडला. आत सुटी पानं होती. डावीकडची कड एकसारखी, धारदार कापलेली. शिवण नव्हती, पुठ्ठा नव्हता.

"हे काय केलंत?"

"स्कॅनरमध्ये फीड करायला... व्हेंडरने स्पाइन कापला," सिद्धी पुटपुटली. "मला माहीत नव्हतं काकू. नंतर कळलं. म्हणूनच मी फोनवर..."

गोजराक्कांनी पानं एकेक करून टेबलावर मांडली. सत्तेचाळीस.

"नकाशा कुठे आहे?"

सिद्धीने रिकामा लिफाफा उलटा करून झटकला.

"घडीचा मोठा कागद. सगळी घरं त्यात होती. माणसांच्या नावांसकट."

"तो साइझमध्ये बसत नव्हता," सिद्धी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी शोधला. खूप शोधला. कव्हरबरोबर रद्दीत गेला असं ते म्हणतात."

गोजराक्का उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात आलं, समोरचा पाण्याचा ग्लास या माणसाच्या गोड तोंडावर फेकावा. ग्लास उचललाही. मग तो तसाच खाली ठेवला, कारण पाणी फेकणं खारासरच्या एकवीस वर्षांत त्यांच्या हाताला जमेनासं झालं होतं.

"चौदा मुलांची सहा वर्षं तुम्ही रद्दीत घातली," त्या म्हणाल्या. "आणि वर मला थँक यू म्हणता? आता ऐका. ही पानं मी त्या जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवणार. नकाशाही पाठवणार."

"नकाशा तर नाहीये मॅडम," अजित म्हणाला. अजूनही शांतपणे.

"माझ्या डोक्यात आहे. तिथे स्कॅनर चालत नाही तुमचा."

घरी येऊन त्या अंथरुणावर आडव्या झाल्या नाहीत, की जेवल्या नाहीत. जुन्या कॅलेंडराची बारा पानं फाडली, उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि दिवाणखान्याच्या फरशीवर पसरली. गुडघे वाकत नव्हते म्हणून उशी टाकून बसल्या. आधी रूळ ओढले. मग स्टेशन. मग टाकीगाडीचा फलाट, शाळा, क्वार्टरांची रांग. पुढे हात अडला.

रघुजी सोफ्यावर बसून नुसते बघत होते. मग म्हणाले, "पंपहाउस चुकलंय."

"चुकलेलं नाही."

"अगं, एकवीस वर्षं मी तिथे रोज गेलोय. रुळांच्या दक्षिणेला होतं. तू उत्तरेला काढलंस."

"मग या की खाली! तिथून काय हुकूम सोडताय?"

रघुजी खाली आले. त्यांनी पेन्सिल घेतली, पंपहाउस खोडलं, योग्य जागी काढलं. मग तिथून पाइपलाइन कशी जायची ती काढली, आणि पाइपलाइनीबरोबर त्यांना घरं आठवायला लागली. हा नळ गफूर भिश्त्याच्या दारात. हा पुढचा गँगच्या मुकादमाच्या. गावात नंतर खणलेली दुसरी विहीर नेमकी कुठे, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी हरखीला फोन लावला. ती तिकडे फोन कानाला लावून गावातून चालायला लागली, आणि पावलं मोजून सांगायला लागली. विहिरीपासून अंगणवाडी एकशे दहा पावलं. डावीकडे आता भंवरूचं घर, तिथं पूर्वी त्याच्या आजोबाचं झोपडं होतं. टिब्बा आता थांबलाय, कारण त्याच्यावर खींप वाढलंय. गोजराक्का लिहीत गेल्या. एका कोपऱ्यात शाळेची इमारत काढताना त्यांनी विचारलं, "छप्पर आहे का गं अजून?"

"छप्पर गेलं बहेनजी. फळा आहे."

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. सिद्धी उभी होती, हातात एक कागद.

"काकू, आत येऊ?"

"तिथूनच सांग."

"मी लिहून आणलंय. की मी पूर्ण वही आणि सोळा पानांची समरी कंपनीला दिली होती, आणि रिपोर्टमध्ये त्यातलं फक्त एक वाक्य संदर्भ सोडून वापरलं गेलं. सही केलीय. हे तुमच्या पानांसोबत पाठवा."

गोजराक्कांनी कागद घेतला, चष्मा लावून उभ्याउभ्या दोनदा वाचला. "नोकरीचं काय?"

"जाईल बहुतेक."

रघुजी मागून म्हणाले, "पोरी, आत ये. कॉफी घे."

"घेईल ती कॉफी," गोजराक्का म्हणाल्या. "पण ऐक, सिद्धी. कागद दिलास, बरं केलंस. हे ऑगस्टमध्ये करायला हवं होतंस. तुला सगळं माहीत होतं आणि तू चार महिने मला नेक्स्ट वीक म्हणत राहिलीस. मी तुला माफ केलेलं नाही."

"अजून रागावलात?"

"हो. आणि राहणार."

सिद्धीने मान हलवली. आत येऊन कॉफी घेतली. मग तिनेच सगळ्या पानांच्या आणि नव्या नकाशाच्या प्रती काढून आणल्या, एक संच हरखीला पाठवला आणि दुसऱ्यावर आपला कागद ठेवून गठ्ठा बांधला. मुदतीच्या दोन दिवस आधी तो जिल्ह्याच्या कार्यालयात पोचल्याचा निरोप आला.

पुन्हा सुनावणी लागली, जानेवारीच्या शेवटी, आणि या वेळी खारासरलाच, बंद स्टेशनाच्या फलाटावर. गोजराक्कांचे गुडघे तेवढा प्रवास झेपू देणार नव्हते. हरखीने फोन चालू ठेवला होता. आवाज तुटत तुटत येत होता. रघुजी आणि गोजराक्का जेवणाच्या टेबलाशी फोन मध्ये ठेवून बसले होते. सुनावणीच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, वस्ती असल्याचा पुरावा काय? मग हरखीचा आवाज आला. ती वाचत होती, त्र्याऐंशीच्या वादळाचं पान. "गफूर भिश्ती, चार घागरी. मुकादम लाधूराम, तीन. हरखीची आई, दोन, घरात तेवढ्याच होत्या." प्रत्येक नावाला गर्दीतून कोणीतरी "हो, माझे आजोबा," "माझी आजी," असं ओरडत होतं. रघुजींनी डोळे पुसले. गोजराक्कांनी नाही. त्या मुठी आवळून ऐकत होत्या.

निकाल महिन्याने आला. एकसष्ट घरं, दोन्ही विहिरी, स्टेशन आणि अंगणवाडी प्रकल्पातून वगळली. दक्षिणेची चराई आणि शाळेची जागा मात्र गेली.

"घरं राहिली, बहेनजी!" हरखी फोनवर हसत होती, रडत होती.

"आणि शेळ्या कुठं चारणार तुम्ही?"

"ते बघू काहीतरी."

"बघू काय? चराई गेली म्हणजे निम्मं गाव गेलं. सगळं नकाशात दाखवून दिलं होतं आपण, तरी घेतलीच ना त्यांनी?"

"बहेनजी," हरखी हळूच म्हणाली, "आज तरी भांडू नका. आज इथं गूळ वाटतायत."

हरखीचा आनंद खरा होता, आणि त्यात आपला राग कालवायचा आपल्याला हक्क नाही हे गोजराक्कांना समजत होतं. पण राग निवतही नव्हता. चराईसाठी दुसरा अर्ज कोणाकडे करायचा, ते त्यांनी फोन ठेवायच्या आधी विचारून घेतलं.

मार्चमध्ये कुरिअरने एक जाड, चकचकीत पुस्तक आलं. सुधारित अहवाल. सिद्धीची नोकरी तोवर गेली होती, ती पुण्याला परतली होती. पहिल्या पानावर आभार होते, 'खारासरच्या समृद्ध इतिहास-भूगोलाबद्दल मोलाचं सहकार्य दिल्याबद्दल श्रीमती गोजराबाई यांचे मनःपूर्वक आभार.' खाली अजितची सही.

"बघ, सुधारलं त्यांनी," रघुजी म्हणाले. "नाव छापलंय तुझं."

गोजराक्कांनी शाईचं पेन मागितलं. आपल्या नावावर एक जाड रेघ ओढली. खाली मराठीत लिहिलं, 'मी सहकार्य केलेलं नाही. मी हरकत घेतली होती. तसं छापा.' मग पुस्तक त्याच लिफाफ्यात घातलं, पत्ता उलट केला आणि चपला घालून कुरिअरच्या दुकानाकडे निघाल्या.

"उन्हाचं कशाला?" रघुजींनी विचारलं. "संध्याकाळी जा की."

"सरी, ठीक आहे, मग तुम्ही छत्री घेऊन चला," त्या जिन्यातून म्हणाल्या. रघुजींनी छत्री घेतली.